केसाचं वजन

"या वेळी मी कोरी आहे," ताई म्हणाली आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिने खिडकीत ठेवलं.

"या घरात कोरी एकच," मावशी कोपऱ्यातून म्हणाली. ती प्रयोगसंचाच्या खोक्यांत रबरबँडांची पाकिटं भरत बसली होती. "तू तर जन्मल्यापासून भरलेली."

ताईचा धाकटा भाऊ बाळ मोठ्याने हसला. बाबाही हसले, आणि ताईला लागलं ते त्यांचं हसणं.

छापखान्यामागच्या या खोलीतलं लांब टेबल मुक्या चाचणीसाठीच राखलेलं होतं. मुलांच्या प्रयोगांच्या पुस्तकात जाणारा प्रत्येक प्रयोग आधी इथे एखाद्या कोऱ्या माणसाने करून बघायचा, हा बाबांचा नियम. कोरा म्हणजे ज्याने तो प्रयोग पाहिलेला नाही, ऐकलेला नाही. त्याच्यासमोर फक्त छापायचं पान आणि सामान. ज्याने पान लिहिलं त्याने समोर बसायचं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही. "पुस्तक विकत घेतलेल्या मुलाबरोबर आपण त्याच्या घरी जात नाही," बाबा म्हणत. "सांगायचं ते पानावर सांगा."

ताईला चाचणीला कधी बसवलंच नव्हतं. भिंगं, चुंबक आणि तारांच्या गुंडाळ्यांत ती वाढली. पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागली. "तू नको, तुला सगळं येतं," असं बाबा तिला सांगत आले. दुसऱ्या घरात याला कौतुक म्हणतात. इथे याचा अर्थ बाजूला उभी राहा, एवढाच होता.

मग बाळचं लग्न झालं. त्याची बायको शिवणकामाच्या वर्गात शिकवायची आणि शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून घरी जायची. पहिल्याच चाचणीत पानावर लिहिलं होतं, 'बाटली उलटी धरा.' तिने धरली. पाण्यासकट. पाणी सगळं बाबांच्या मांडीवर. बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि ओल्या पँटने उभे राहून ते म्हणाले, "सापडली! इतकी वर्षं हवी होती ती वाचक सापडली." त्या दिवसापासून तिचं नाव कोरी. फरशी पुसायचं फडकं त्या दिवशी ताईच्या हातात होतं.

आज समोरच्या खुर्चीत हात दाबून बसली होती ती कोरीच. पान तिने लिहिलं होतं, पहिल्यांदाच.

बाबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून ही वेळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं. एका डोळ्याने अंधुक दिसायचं, दुसऱ्याने फक्त उजेड. नवी आवृत्ती ते काढणार नव्हते. "पहिल्या पानावर ज्याचा प्रयोग, पुस्तक त्याच्या हाती," असं त्यांनी जाहीर केलं होतं. ताईने बाटलीतलं कारंजं लिहून दिलं. गेल्या रविवारी कोरीने ते वाचून केलं, आणि पाणी जिथवर उडायला हवं तिथवर उडालं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." कोरीने तिच्या प्रयोगाचं नुसतं नाव सांगितलं, केस तोलणारा तराजू, आणि बाबा म्हणाले, "वा!" तो वा ताईने शेजारच्या खोलीतून ऐकला. पुढचं कानावर पडू नये म्हणून ती चप्पल घालून रस्त्यावर निघून गेली होती. बाळने तो तराजू घरात होताना पाहिलेला, मावशीच्या डोक्यावरचे केस त्यात तोललेले. कोरं म्हणावं असं माणूस उरलं होतं ते ताईच.

"वाच," बाबा म्हणाले. "मोठ्याने. मला दिसत नाही."

ताईने पान उचललं. "'सरबत प्यायची एक नळी घ्या. तिच्या एका टोकात छोटा स्क्रू दोन वेढे फिरवून बसवा. दुसरं टोक वरून तिरकं कापा, म्हणजे चमच्यासारखी खोबण होईल.'"

चमच्यासारखी. ताई असती तर तिने अर्धवर्तुळाकार छेद लिहिलं असतं. छेद बरोबर होता. पण चमचा दिसत होता. तिने कात्री चालवली आणि हातात खरंच एक इवलासा चमचा आला.

"'नळी बोटावर आडवी ठेवा. जिथे तोलून राहील तिथे खूण करा. खुणेवर सुई आरपार घाला. काचेच्या दोन पट्ट्या मातीच्या गोळ्यात समोरासमोर उभ्या करा आणि त्यांच्या कडांवर सुईची दोन टोकं ठेवा.'"

ताईने नळी डोळ्यांसमोर धरली, सुई घातली. काचेवर सुई टेकल्याचा बारीक आवाज झाला, तशी बाबांनी मान थोडी पुढे काढली. नळी खाली गेली, वर आली, पुन्हा थोडी खाली, आणि थांबली. अगदी आडवी.

"'आता आपल्या डोक्याचा एक केस उपटा आणि चमच्यात ठेवा.'"

"पिकलेला उपट," मावशी म्हणाली. "काळे मोजकेच उरलेत."

ताईने केस ठेवला. चमचा संथपणे खाली झुकला आणि झुकलेलाच राहिला.

"झुकला का?" बाबांनी विचारलं.

"झुकला," बाळ ओरडला. "बाबा, केस तोलला! स्ट्रॉवर!"

"वा," बाबा म्हणाले. "वा, वा."

मावशीने पाकीट ठेवून टाळ्या वाजवल्या. बाळने बायकोच्या पाठीवर थाप मारली. कोरीचे हात अजून मांड्यांखालीच होते.

तिने सुई पाहिली होती.

ताईची बोटं खुणेवर आली तेव्हा सुईचं टोक नळीच्या बरोबर मध्यावर होतं. मग बोटं केसभर वर सरकली आणि तिथून सुई आत गेली. का, कशाला, असा विचारही त्या चेहऱ्यावर उमटला नाही. एखादी बाई बोलता बोलता पदर सारखा करते, तेवढ्याच सहज.

पानावर हे नव्हतं. 'खुणेवर आरपार,' एवढंच होतं. आणि मधोमध सुई घातली की हा तराजू चालत नाही, हे कोरीइतकं कोणाला ठाऊक असणार? ओट्याशी उभं राहून तिने किती नळ्या वाया घालवल्या होत्या. सुई मधोमध गेली की नळी जिथे सोडाल तिथेच राहायची, खाली गेली की कोलांटी मारायची. एका संध्याकाळी तिने सगळं केरात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. शेवटी सुई चुकून वर गेली आणि नळी शहाण्यासारखी आडवी राहिली. मग दर वेळी तिचा हात वरच जाऊ लागला. इतका सवयीने, की पान लिहिताना ती गोष्ट सांगायची आहे हे तिला आठवलंच नाही.

म्हणजे तीही आता कोरी उरली नव्हती. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण समोर ती बोटं होती. आपण रडून मिळवलं ते या बाईच्या हातात आधीपासून आहे, आणि आहे हे तिला माहीतही नाही. कोरीला त्या क्षणी ती बोटं पिरगाळावीशी वाटली.

ताई तराजू बाजूने बघत होती. मग तिने पान बघितलं. पुन्हा सुई बघितली. कोरीने तिच्या भुवया जवळ येताना पाहिल्या आणि तिला कळलं की ताईलाही कळलं.

"तर मग," बाबा म्हणाले, "माझा निर्णय—"

"बाबा," ताई म्हणाली, "एकदा पुन्हा करून बघू या?"

खोलीतलं हसू विरलं.

"पुन्हा कशाला?" बाळने विचारलं.

"मला खात्री करायची आहे."

"कसली खात्री? तूच केलंस ना? तुझ्याच हातांनी झालं ना?"

"तेच तर."

"काय तेच तर? गेल्या रविवारी तुझं कारंजं उडालं, तेव्हा आम्ही कोणी म्हणालो का पुन्हा उडव म्हणून?"

"बाळ, मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"तू माझ्याशी कधी बोललीसच नाहीस, हुकूम सोडलेस! बॅटरी धर, पान उलट, गप्प बस." त्याचा आवाज चढला. "तिचं जमलं की तुला बघवत नाही, एवढंच आहे."

"करपलं की वास येतोच," मावशी पाकिटांकडे बघत म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ताईकडे एक साधी, खरी, तपासून बघता येईल अशी गोष्ट होती. आणि ती तोंडाबाहेर पडताच मत्सर होणार होती. वाईट हे, की मत्सर होताच. वाक्य खरं होतं म्हणून तो नव्हता असं तिला स्वतःलाही म्हणता येईना.

"चहा घेऊ," बाबा म्हणाले. "मग बोलू."

बाळने चहा ठेवला. चिडला की तो कामाला लागायचा. अपूर्णांक जमत नाहीत म्हणून बाबांनी त्याला बारा वर्षांचा असताना छपाईच्या मशीनवर धाडलं होतं. ताई टेबलाशी, हा मशीनशी. पुस्तकाचा प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून गेला, पण बाबांनी त्याला कधी काही विचारलं असेल तर शाई किती उरली एवढंच. आज पहिल्यांदा त्याच्या घरातलं माणूस त्या टेबलाशी जिंकलं होतं. दुधावर साय धरेपर्यंत तो पातेल्याकडे बघत राहिला. बायकोला पुस्तक मिळालं तर नाव तिचंच लागणार, हे आता त्याच्या मनात आलं. आपलं नाही. हे आधी कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं आणि त्याने गॅस बंद केला.

मशीनच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांमागे ताई उभी होती. कोरी तिच्यामागे आली आणि दार लोटून घेतलं.

"मुद्दाम केलंत ना?"

"काय?"

"सुई वर घातलीत. माझं पान पडू नये म्हणून. म्हणजे पुढे आयुष्यभर मी तुमच्या उपकारात."

"मला कळलंच नाही ग," ताई म्हणाली. "खरंच. हात गेला."

"हात गेला!" कोरी हसली, पण ते हसू नव्हतं. "त्यापेक्षा मुद्दाम केलंत म्हणाला असतात तर बरं झालं असतं."

"का?"

"का म्हणजे? मला या टेबलाशी बसून इतकी वर्षं झाली, ताई. मी कोरी. मी वाचते, मी चुकते, सगळे हसतात, बाबा पान सुधारतात. हसण्यावारी नेलेल्या माणसाला काही येतंय असं कोणाला वाटतं का? मला एकदा तरी तुमच्यासारखं व्हायचं होतं. न विचारता येणारं."

ताईने गठ्ठ्याची वर आलेली कड बोटाने सारखी केली. "आणि मला तुझ्यासारखं," ती म्हणाली. "बाबांच्या अंगावर पाणी सांडायचं होतं. मी सांडलं असतं तर मार बसला असता."

त्यामुळे जवळीक वाटली असं नाही. उलट, समोरची आपल्यावर जळते हे कळल्यावर दोघींनाही थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"सांगितलं तर पुस्तक तुमचं," कोरी म्हणाली.

"बहुतेक."

"तुम्हाला तेच हवंय."

"हो. हवंय." ताईने तिच्याकडे सरळ पाहिलं. "पण ते पान असं छापलं तर एकाही मुलाचा तराजू चालणार नाही. त्याला वाटेल, आपल्यालाच येत नाही. तुला शाळेत वाटायचं तसं."

"हे बोलायची काही गरज नव्हती."

"नव्हती."

"तुम्ही का नाही सांगत मग?"

"मी सांगितलं तर काय होतं ते तू आत्ता ऐकलंस."

कोरी दार उघडून निघून गेली. ताई तिथेच थांबली. कोरी सांगणार नाही, असं ताईला वाटलं. मग आपणच सांगू, आज नाही तर उद्या, एकट्या बाबांना. वाक्य कसं असावं ते ती जुळवू लागली. त्यात 'जळते' असं कोणाला म्हणता येणार नाही असं वाक्य. ते जुळलं तेव्हा पलीकडून कोरीचा आवाज आला.

"बाबा, माझं पान नापास आहे."

ताई दारात आली. बाळच्या हातात चहाचा ट्रे तसाच होता.

"तराजू चालला तो ताईंमुळे," कोरी म्हणाली. "सुई वरच्या बाजूला घालायची असते. मी ते लिहायला विसरले. ताईंच्या हाताला ते येतं म्हणून झालं. मुलांना नाही जमणार."

"काय बोलतेस तू?" बाळ म्हणाला. "ताईने तुला आत काय सांगितलं?"

"काही नाही. मी आधीच पाहिलं होतं."

बाबांनी हात पुढे केला. "नवी नळी दे. बाळ, तू कर. पानावर आहे तेवढंच."

बाळने केलं. बरोबर मधोमध, कारण कागद सरळ लावायची त्याला सवय होती. नळी काचेवर ठेवली तशी ती कलली आणि कललेलीच राहिली. त्याने ती सरळ केली, सरळच राहिली. उलट बाजूला कलवली, तिथेच थांबली. केस ठेवला तर चमचा टेबलाला जाऊन लागला.

"मेली," मावशी म्हणाली.

बाबांनी चाचपत कललेल्या नळीला बोट लावलं. मग म्हणाले, "तराजू समोर चालतोय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि अशा वेळी जो म्हणतो की माझं पान चुकलंय, त्याच्याच हातात पुस्तक द्यायचं असतं." त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "कोरी, नवी आवृत्ती तू काढ."

मावशीने डोळ्याला पदर लावला. बाळने ट्रे कुठेतरी ठेवला.

ताई दारातच होती. तेच वाक्य, तीच सुई, तीच नळी. तिने उच्चारलं असतं तर करपल्याचा वास. कोरीने उच्चारलं आणि पुस्तक तिचं झालं. खरं बोलण्याचा मानसुद्धा आता तिचाच होता. आणि यात कोणाची चूक शोधायला गेलं तर सापडत नव्हती. मत्सराला धरायला काहीच नव्हतं, तरी तो होता.

"ताई," बाबा म्हणाले, "ती सुई कुठे घालायची ते वाक्य तिला सांग."

सांग. तिला. ताई टेबलाशी आली, बसली.

"आधारबिंदू वस्तुमानकेंद्राच्या वर असावा," ती म्हणाली.

"नाही समजलं," कोरी म्हणाली.

"सुई नळीच्या व्यासाच्या किंचित वर घालावी."

"व्यास गोलाचा असतो ना? नळी तर लांबडी आहे."

"सुई मध्यातून नको. थोडी वरून घाला."

"वरून म्हणजे? वरून खाली?"

ताईने मान वर केली. कोरीचा चेहरा सरळ होता. तिला खरंच कळत नव्हतं, की ती आजवरच्या हसण्याचा हिशेब चुकता करत होती? चेहऱ्यावरून सांगता येईना. आणि सांगता आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण प्रश्न बरोबर होता. 'वरून घाला' वाचून निम्म्या मुलांनी सुई उभी खुपसली असती.

ताईने आपण आधी केलेली नळी पुन्हा काचेवर आणली. सुई बोटांत धरली आणि स्वतःच्या हातांकडे असं पाहू लागली जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत. ते काय करतात? कशासाठी सरकतात? तिने नळी सोडली. ती डोलली, आडवी झाली. लटकत होती. झोपाळ्यासारखी, सुईला.

"लिही," ती हळूच म्हणाली. "नळी बाजूने बघ. सुई तिच्या पोटातून नको, पाठीजवळून घाल. नळी सुईला लटकू दे. सुईवर बसवू नकोस."

पहिल्यांदाच कोरीने काही विचारलं नाही.

"पुन्हा म्हण," बाबा म्हणाले.

ताईने पुन्हा म्हटलं. बाबांनी हवेत दोन बोटं धरली आणि नसलेल्या नळीत नसलेली सुई घातली. पाठीजवळून. मग हात खाली घेतला.

"असं वाक्य मला नसतं सुचलं," ते म्हणाले. "कोणाचं हे?"

"आमचं," कोरी म्हणाली.

"माझं," ताई म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. बाळने बायकोकडे पाहिलं, मावशीने भाचीकडे. बाबांनी मान हलवली, कोणाला ते कळलं नाही.

कोरीने पेन्सिल उचलली. 'खुणेवर सुई आरपार घाला' ही ओळ खोडली, आणि तिच्या जागी ते वाक्य उतरवून घेतलं, ताईचा एकही शब्द न बदलता.